कप पॉलिशला गेला आहे

४ ऑगस्ट, अमरावती

ही वही आणून बावीस दिवस झाले. पहिल्या पानावर नाव लिहिलं, दुसऱ्यावर पेन चालतो का ते पाहिलं, तिसरं पान मैनामामीनं फाडून लोणच्याच्या बरणीवर बांधलं. उद्यापासून लिहायचं असं रोज ठरवत होतो आणि उद्या रोज पाळत होतो. आज पंजाबमामांनी विचारलं, "कुठवर आला बे इतिहास?" मी म्हणालो, लोणच्यावर. त्यांना कळलं नाही ते बरं झालं.

पंजाबराव म्हणजे आईचे मामा, वय एक्याऐंशी, नवयुवक फुटबॉल क्लबचे तहहयात अध्यक्ष. क्लब १९५० चा, म्हणून यंदा अमृतमहोत्सव, म्हणून स्मरणिका, म्हणून मी. मला हे काम का दिलं, तर अक्षर चांगलं आणि दुसरा उद्योग नाही. नांदगाव पेठेत टॉवेलच्या कारखान्यात अकरा आठवडे, चिखलदऱ्यात पर्यटकांना दरी दाखवण्यात एक हंगाम, आणि बी.ए. दोन वर्षं. सगळ्यात जास्त बी.ए. टिकलं, कारण तिथं हजेरी कुणी घेत नव्हतं. स्मरणिका छापून होईपर्यंत मामांची वरची खोली माझी. नंतर दर्यापूर आणि बापाचं तोंड. म्हणून फार घाईनं लिहिण्यात अर्थ नाही.

७ ऑगस्ट

मामा झोपाळ्यावर बसून इतिहास सांगतात, मी खाली बसून उतरवतो. १९५० मध्ये क्लबकडं चेंडू एक होता, चामड्याचा, दोरीनं बांधायचा. आतला फुगा फुटला की सायकलवाला पंक्चर काढून द्यायचा. बुटांच्या जोड्या पाच, खेळाडू अकरा. मग ठरलं की उजव्या पायानं मारणाऱ्याला फक्त उजवा बूट, बाकीच्यांना डावा. म्हणजे जवळजवळ अख्खी टीम एका पायानं साहेब आणि दुसऱ्यानं आपली. मामांनी हे वाक्य खोडायला लावलं. "शोभत नाही" म्हणाले.

खेळायचे कापूस बाजाराच्या आवारात, पावसाळ्यात. तेव्हा कापूस नसतो, बैलगाड्या नसतात, फक्त काळी माती असते. ती किती असते ते बूट घालून पळाल्याशिवाय कळत नाही.

"अन् एकोणीसशे अडुसष्टले आपण चषक जिंकला," मामा म्हणाले. "बस. इथून खाली रेघ मार."

"त्याच्या पुढच्या वर्षी कोण जिंकलं?"

"पुढच्या वर्षी स्पर्धा नाही झाली."

"काहून?"

"चहा आणाले सांग मामीले."

मी सांगायला गेलो आणि देवघराशी रेंगाळलो. मामीच्या देवघरात कलश आहे त्याला दोन कान आहेत. कानांना लाल दोरा, बुडाशी पोचा, आणि तोंड एवढं मोठं की नारळ आत पडतो म्हणून खाली वाटी उपडी घालावी लागते. मामी म्हणाली, "घराण्याचा हाय. तुया मामाच्या पंजोबाचा. सासूबाईनं मरताना माया हातात देला." असा कलश मी दर्यापुरात कुणाकडं पाहिला नाही. जुन्या लोकांची भांडी घडवणारे कासार वेगळे असतील. कलशावर एक पान लिहिता येईल, पण स्मरणिका फुटबॉलची आहे.

११ ऑगस्ट

समितीची बैठक. नऊ जण, त्यातले सात ऐकत नाहीत आणि दोघांना ऐकू येत नाही. भावना मॅडम तेवढ्या तरुण. शाळेत खेळ शिकवतात आणि क्लबची मुलींची टीम त्यांच्याकडं आहे. म्हणजे सध्या क्लबमध्ये खेळणारी टीम तेवढीच.

भावना मॅडम म्हणाल्या, "मुखपृष्ठावर चषकाचा फोटो पाहिजे."

मामा म्हणाले, "चषक बँकेच्या लॉकरमध्ये हाय."

"मग काढू ना. मी येतो तुमच्यासंग."

"चावी सापडून नाही राहिली."

"कधीपासून?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं, जणू चावी मी गिळली. मग त्यांनी ठराव मांडला की चषकाचं चित्र काढून घ्यावं. चित्रकारानं विचारलं, चषक दिसतो कसा. मामा हातानं दाखवू लागले आणि मध्येच हात मांडीखाली घेतले. चित्रकारानं शेवटी क्रिकेटचा कप काढला. एकमतानं मंजूर.

बाहेर आल्यावर भावना मॅडम मला म्हणाल्या, "फायनल कोणासोबत झाली हे तरी लिहिलं का? का एकटेच खेळले?" अकोल्याची भीमज्योत म्हणून टीम होती म्हणे. हरलेल्यांकडं चांगल्या गोष्टी असतात, जाऊन या, असं त्या म्हणाल्या. उद्या जातो.

१४ ऑगस्ट, चिखलदरा

अकोल्याला निघालो होतो. स्टँडवर जुना दोस्त कुलदीप भेटला, परतवाड्याची गाडी लागली होती, खिडकीची जागा रिकामी होती. इथं धुकं इतकं की दरी दाखवता येत नाही, तरी कुलदीप लोकांना दाखवतो आणि लोक पाहतात. इतिहासाचं पण असंच असावं. कॉफी चांगली आहे.

१९ ऑगस्ट, अमरावती

काल अकोल्याला खरंच पोचलो. मूर्तिजापूरला उतरावंसं वाटलं होतं, उतरलो नाही. याची नोंद असावी.

भीमज्योतचे तेव्हाचे कप्तान धर्मपाल, वय अठ्ठ्याहत्तर, पोस्टातून रिटायर. घर छोटं, स्वच्छ, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली एक रिकामी फळी. सून दीपमाला सरकारी दवाखान्यात नर्स. ती ड्यूटीला निघता निघता म्हणाली, "कोणाकडून आले? नवयुवककडून? बाबा, पॉलिश झाली वाटते." आणि हसत निघून गेली. मला काही कळलं नाही. ते मला नेहमीचं आहे.

धर्मपाल काकांनी मला पंखा पुरेल असं बसवलं. मी म्हणालो, "तुमच्या पराभवाबद्दल दोन ओळी पाहिजेत."

"कोणत्या पराभवाबद्दल?"

"अडुसष्टच्या."

ते उठले, ट्रंकेतून फोटो काढला. दोन टीम, बावीस पोट्टे, मध्ये दोन कान असलेला मोठा चषक. एक कान चोवीस वर्षांच्या पंजाबमामांच्या हातात, दुसरा यांच्या. चषक कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला, पण सगळे कप सारखेच दिसतात.

"वाच पाठीमागं," काका म्हणाले. लिहिलं होतं: कै. खुशालराव स्मृती चषक, १५ ऑगस्ट १९६८, संयुक्त विजेते.

झालं असं. हे सगळं त्यांनी सांगितलं, मी फक्त मध्ये मध्ये हो म्हणालो. खुशालराव म्हणजे कापसाच्या एका जिनिंगवाल्याचे वडील. त्यांच्या नावानं मुलानं चषक दिला. फायनलच्या दिवशी पाणी झालं होतं. नवयुवकची टीम बुटांत, भीमज्योतची अनवाणी. "एका बुटाले दोन दोन किलो माती," काका म्हणाले. "तुये मामा पळाले लागले की वाटे नांगर वढून राहिले. आमी हलके. आमच्याजवळ बूट नव्हते, हे आयुष्यात एकदाच फायद्याचं झालं." तरी एक-एक बरोबरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळले तर ऊन पडलं, माती वाळून ढेकळं झाली, आणि अनवाणी पायांची सालपटं निघाली. शून्य-शून्य. तेव्हाचा रिवाज असा की बरोबरी सुटली नाही तर चषक दोघांचा, सहा-सहा महिने. आधी कोणाकडं, यासाठी नाणं उडवलं. नवयुवक जिंकले. म्हणजे मामा जे जिंकले ते नाणं.

"पंधरा फेब्रुवारीले आमी अकरा जन हार घेऊन अमरावतीले गेलो. तुया मामाच्या ओट्यावर बसलो. चहा आला. ओट्यावरच. मंग मामा आले अन् म्हणे, कप नागपूरले पॉलिशले गेला हाय, आला की कळवतो."

"मग?"

"मंग काय. छप्पन वर्षं झाली. चांगली चमकत असन आता."

दर पंधरा फेब्रुवारीला काका मामांना एक कार्ड टाकतात. पहिली दोन वर्षं उत्तर आलं, पॉलिश सुरू आहे. पुढं तेही नाही. चषकच नाही म्हणून जिनिंगवाल्यानं स्पर्धा बंद केली. तरी कार्ड टाकतातच. "पोस्टात होतो बाबू. पत्र पोचते यावर आपला विश्वास हाय."

सगळ्यात मजा मला यादीची वाटली. चषक येणार म्हणून त्या पोरांनी ठरवलं होतं की तो कोणाच्या एकाच्या घरी ठेवायचा नाही. अकरा घरं, सोळा-सोळा दिवस. प्रत्येकानं घरात फळी ठोकली. हिशेबात पाच दिवस उरले, ते कोणाचे यावरून भांडण झालं. ते अजून मिटलं नाही, पण भांडणारे आठ जण वारले. एक पुण्याला मुलाकडं. इथं उरले काका आणि गोलकीपर देवमन. यादीत देवमन शेवटचा, कारण गोलकीपर. आता तो अंथरुणाला खिळलेला आहे. दोन गल्ल्या सोडून घर. काका मला तिथं घेऊन गेले. देवमन काकांनी माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं आणि कूस बदलली.

परत येताना काका म्हणाले, "त्याचा नंबर आता पयला लावला मी. सोळा दिवसाचं बी राहू दे, एक दिवस त्याच्या उशाशी राह्यला तरी चालीन. अन् मले काय, एक डाव दोन्ही कान हातात पाह्यजे. फोटोत एकच हाय."

बसमध्ये मला वाईट वाटलं. बडनेऱ्यापर्यंत टिकलं.

२० ऑगस्ट

मामांना विचारलं. "मामा, चषक पॉलिशला गेला होता का?"

झोपाळा थांबला. "कोण म्हणे?"

"अकोल्याचे धर्मपाल काका."

"जिवंत हाय का तो?" मामांनी हे विचारलं तेव्हा चेहरा असा झाला की त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं हे मी सांगू शकत नाही. मग म्हणाले, "संयुक्त बिंयुक्त लिहू नको. जागा कमी हाय." स्मरणिकेत नगरसेवकांच्या शुभेच्छांना चौदा पानं आहेत.

पाणी भरताना मामीला सहज विचारलं की फेब्रुवारीत एखादं कार्ड येतं का. "येते ना, दरसाली. इम्याचं असते म्हणे. मामा पाहतात अन् खिशात घालतात." एवढ्या वर्षांचा विमा काढलेला माणूस म्हणजे मामा फारच सावध.

३१ ऑगस्ट

मध्ये अकरा दिवस लिहिलं नाही, कारण गणपती होते, आणि गणपती नसते तरी लिहिलं नसतं.

आज महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडं हे दिवाळीपेक्षा मोठं. सकाळपासून मामी कमरेला पदर खोचून. मला भांडी घासायला बसवलं, बी.ए. दुसरं वर्ष. तो दोन कानांचा कलश माझ्या हातात आला. वर्षाचं कुंकू आणि हळद, एक बोट जाड. मी चिंच लावून घासत सुटलो. मामी म्हणाली, "जपून, पंजोबा हायत." त्या कलशाला पहिला नैवेद्य असतो म्हणे, पितृपक्षात वेगळं पान पण.

एका कानाखाली अक्षरं निघाली. आधी "राव". मग "शालराव". मग "स्मृ".

मी थोडा वेळ घासत राहिलो. हात चालू होते, डोकं बंद होतं. मग डोकं चालू झालं आणि हात थांबले.

"मामी, तुमच्या पंजोबांचं नाव काय?"

"खुशालराव. लिवलं हाय ना त्याच्यावर. तुया मामानंच वाचून दाखवलं, सासूबाई गेल्या तवा."

आता इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "खुशालराव तर जिनिंगवाल्याचे वडील होते. हा फुटबॉलचा कप आहे मामी. अकोल्याच्या लोकांचा पण आहे. अर्धा."

आणि मग सगळं सांगून टाकलं. नाणं, ओटा, चहा, पॉलिश, यादी, देवमन काकांनी बदललेली कूस. मामी ऐकत होती. हातात आंबिलीची पळी होती, ती ठिबकत राहिली. शेवटी तिनं कलश माझ्या हातातून घेतला, पुसला, वाटी उपडी घातली, नारळ ठेवला आणि महालक्ष्म्यांपुढं मांडला. म्हणाली, "आता तीन दिवस काई बोलू नको."

म्हणजे विषय संपला. देवाधर्मापुढं माणसांचं काही चालत नाही, हे मी बी.ए. न होताच शिकलो.

१ सप्टेंबर

सोळा भाज्या, पुरण, आंबील, साठ माणसं जेवायला. कलशापुढचं पान मामीनं आज मांडलं नाही. घाईत विसरली असेल.

सगळे गेल्यावर मामा ओट्यावर सुपारी कातरत बसले. माझ्याशी बोलत होते की सुपारीशी, माहीत नाही. "जिंकून आनला त्या दिवशी आईनं ववाळून घरात घेतला. तिले वाटलं नवा कलश. देवाजवळ ठेवून देला. फेब्रुवारीत ते अकराजन ओट्यावर बसले, मी आत गेलो कप आनाले. आई म्हणे, देवाजवळची वस्तू त्यायच्या हातात? मी बाहीर आलो अन् तोंडातून निघालं, पॉलिश."

"मग नंतर द्यायचा."

"आई होती तवर कसा देऊ? आई गेली तवा हिच्या हातात गेला. हिले काय सांगू, मायी आई काय म्हणे ते? म्हणून पंजोबा केला. एकदा उशीर झाला ना पोट्ट्या, मंग मानूस पॉलिशच करत राह्यते."

मी म्हणालो, "लिहू का हे?"

"लिवून पाह्य," ते म्हणाले. "खोली कोनाची हाय ते बी ध्यानात ठेव."

इतिहासकारावर दबाव येतो असं ऐकलं होतं. दबाव वरच्या खोलीच्या रूपानं येतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

२ सप्टेंबर

महालक्ष्म्या उठल्या. मुखवटे पेटीत गेले. कलश मामीनं पेटीत ठेवला नाही, पण कुठं ठेवला ते पाहिलं नाही. मी सामान बांधत होतो.

हो, जातो आहे. स्मरणिकेत "१९६८ चे एकमेव विजेते" असं लिहून दिलं, अक्षर नेहमीसारखं सुंदर. मग बराच वेळ पेनचं टोपण सापडेना. भावना मॅडमना खरं काय ते सांगायला फोन केला. त्यांनी उचलला नाही आणि मला बरं वाटलं.

मामी वर आली. कधी येत नाही, गुडघे दुखतात. चिवडा बांधून दिला. मग जिन्यातच उभी राहून विचारत राहिली. "त्यायच्या घरी बाईमानूस कोन हाय?" सून आहे, दीपमाला, नर्स. "दिवसा घरी असते का?" सप्टेंबरात रात्रपाळी म्हणे, दिवसा असते. "त्या कार्डावर पत्ता असते का?" असणारच, काका पोस्टातले. "तो दुसरा, झोपून राहनारा, त्याले खाता येते का काई?" पातळ खातो म्हणे. मामीला लोकांच्या घरच्या चौकशा फार. बायकांचं असंच असतं.

"तू त्यायच्या घरचं जेवला का रे?" तिनं शेवटी विचारलं.

"जेवलो की. झुणका होता, फक्कड."

"मंग आपल्याकडं त्यायले ओट्यावर चहा देला," ती म्हणाली, आणि एकेक पायरी धरत उतरली.

३ सप्टेंबर, अकोला

दर्यापूरची जीप सोडून अकोल्याच्या बसमध्ये का बसलो ते विचारू नये. जागा होती.

धर्मपाल काकांना सगळं सांगितलं. वाटलं चिडतील. तर हसायलाच लागले, इतके की दीपमाला आतून पाणी घेऊन आली.

"नऊ वर्षाचा होतो मी," काका म्हणाले, "बापासंग नागपूरले गेलो, दीक्षा घेतली. घरी येऊन बापानं घरातले सगळे देव पोत्यात भरले अन् नदीत सोडले. अन् आमचा कप तिकडं जाऊन देव झाला. आमी इकडं आलो, तो तिकडं गेला. त्याले धर्मांतर कराले कोनी सांगतलं होतं?"

दीपमाला म्हणाली, "बाबा, मग आता तो मागायचा कसा? कोणाच्या घरचा देव मागायचा का आपण?"

काकांचं हसू तिथंच थांबलं. मी पण याचा विचार केला नव्हता. ते म्हणाले, "खरं हाय पोरी. कप असता तं भांडलो असतो. त्या बाईचं पन्नास वर्षाचं हळदकुंकू हाय त्याच्यावर. तिनं काय केलं आपलं?" मग उठून ट्रंक उघडली, पुढच्या फेब्रुवारीचं कोरं कार्ड काढलं, पाहिलं, आणि परत ठेवलं. "आता हे नाही टाकत," म्हणाले. "देवमनले मी सांगतो."

पण गेले नाहीत. चप्पल घातली, काढली, पुन्हा बसले. अर्धा तास झाला. मी हे लिहितो आहे, कारण दुसरं काही करण्यासारखं नाही. आणि एक गोष्ट कबूल करायची आहे: मी काल ती ओळ लिहून दिली हे काकांना सांगितलेलं नाही. सांगेन. आधी हे पान पूर्ण होऊ दे.

गल्लीत ऑटो थांबला आहे. कुणीतरी बाई ऑटोवाल्याला म्हणते आहे, "हात नको लावू बापा, मायं मीच घेतो." दीपमाला खिडकीतून पाहून म्हणाली, "कोणी म्हातारी आहे. एकटीच. मांडीवर लुगड्यात काहीतरी गुंडाळलंय, नवं कोरं लुगडं आहे."

मी पाहिलं. मैनामामी आहे. माझ्या माहितीत ती आजवर बडनेऱ्याच्या पुढं एकटी गेलेली नाही. दुखऱ्या गुडघ्यानं उतरते आहे, दोन्ही हात गुंतलेले म्हणून ऑटोचा दांडा धरता येत नाही. दीपमाला धावली. धर्मपाल काका उभे राहिले आहेत आणि शर्टाची वरची बटणं लावत आहेत, एकेक करून, गळ्यापर्यंत.